नॅनो ॲल्युमिना मिसळूनही सिंटर केलेल्या ३१६एल पोलादाची ताकद कमी का झाली?

चूर्णकण यांचा प्रश्न

नमस्कार. मी धातुशास्त्रात एम. टेक. करत असून माझ्या प्रबंधाचे काम भोसरीतील एका लहान कारखान्याच्या मदतीने चालू आहे. तेथे ३१६एल जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या पावडरपासून छोटे सुटे भाग दाबून, मग भट्टीत सिंटर करून (न वितळवता तापवून कण एकमेकांना जोडून) तयार केले जातात. गंजाच्या दृष्टीने हे भाग चालून जातात, पण रोल करून तयार होणाऱ्या त्याच जातीच्या पोलादाशी तुलना केली तर ताकदीत ते बरेच मागे पडतात. ही उणीव अतिसूक्ष्म सिरॅमिक कण मिसळून भरून काढता येईल का, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे.

मी वापरलेली पोलादाची पावडर पाण्याने ॲटमाइझ केलेली (वितळलेल्या पोलादावर पाण्याचा झोत मारून केलेली) आणि १५० मायक्रॉनच्या खालची आहे. तिच्यात वजनाने १ टक्का ॲल्युमिना मिसळला असून त्याच्या पाकिटावर कणांचा सरासरी व्यास ३० नॅनोमीटर असा छापलेला आहे. लिथियम स्टिअरेट हे वंगण पाऊण टक्का घालून हे मिश्रण डबल कोन मिक्सरमध्ये दोन तास फिरवले, ६५० मेगापास्कल दाबाने नमुने दाबले आणि ११५० अंश सेल्सिअसला ४५ मिनिटे सिंटर केले.

निकालाने मी गोंधळात पडले आहे. साध्या ३१६एलच्या नमुन्याची घनता ६.७ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर होती, ती ॲल्युमिना घातल्यावर ६.५ झाली. १०० ग्रॅम भाराने घेतलेली सूक्ष्म कठीणता वाढली, पण यील्ड (ज्या ताणाला नमुना कायमचा वाकू लागतो तो) आणि ताणाची अंतिम ताकद ही दोन्ही घटली. कठीणता वाढूनही ताकद कमी व्हावी, हे मला समजलेले नाही. ॲल्युमिनाचे प्रमाण २-३ टक्क्यांपर्यंत वाढवावे, मिश्रणाचा वेळ वाढवावा, की माझे मार्गदर्शक सुचवतात त्याप्रमाणे स्वस्त मिळणाऱ्या सिलिकॉन कार्बाइडकडे वळावे, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

ग्रेनसीमा यांचे उत्तर

प्रमाण वाढवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, कारण तुमचे १ टक्काच माझ्या मते फार जास्त आहे. का, ते एका साध्या हिशेबाने दाखवतो.

पोलादाचा कण सोयीसाठी ६० मायक्रॉन व्यासाचा गोळा धरला, तर १०० ग्रॅम पावडरीचे एकूण पृष्ठफळ साधारण सव्वा चौरस मीटर भरते. १ ग्रॅम ॲल्युमिनाचे आकारमान पाव घन सेंटिमीटर असते. ते ३० नॅनोमीटरच्या कणांत वाटले आणि हे कण एकमेकांना चिकटून एका सपाट थरात मांडले, तर ते साडेबारा चौरस मीटर जागा व्यापतात. म्हणजे प्रत्येक पोलादी कणाभोवती ॲल्युमिनाचे दहा थर बसतील इतका माल तुम्ही घातला आहे. पाण्याने ॲटमाइझ केलेले कण ओबडधोबड असल्यामुळे त्यांचे पृष्ठफळ गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट असेल, तरीही तीन ते पाच थर उरतातच. सिंटरिंगमध्ये पोलादाचा कण शेजारच्या कणाला जेथे टेकतो तेथेच मान (जोडाचा अरुंद पूल) तयार होऊन जोड वाढत जातो, आणि नेमक्या त्याच जागी तुम्ही ११५० अंशांना न वितळणारी, न विरघळणारी आणि पोलादाशी न जुळणारी भुकटी पसरून ठेवली आहे. मिश्रण जितके एकसारखे होईल तितका हा अडथळा अधिक पक्का होईल, हा यातला विरोधाभास आहे. केवळ दोन तासांऐवजी आठ तास फिरवून तो सुटणार नाही.

आता कठीणता का वाढली, याविषयी. १०० ग्रॅम भाराचा ठसा इतका लहान असतो की तो छिद्रे टाळून धातूच्या भरीव भागावर घेतला जातो. त्यातून धातूची स्थानिक कठीणता कळते, नमुन्याची ताकद कळत नाही. ओढताना मात्र भार कणांमधल्या मानांवरून जातो, आणि त्या माना बारीक राहिल्या असतील तर आतला धातू कितीही कठीण असला तरी नमुना तेथेच तुटतो. तुटलेल्या पृष्ठभागाचे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चित्र घेतल्यास मूळ कणांचे गुळगुळीत, न जुळलेले चेहरे आणि त्यांवर पांढुरका ॲल्युमिना दिसेल, असा माझा अंदाज आहे. हे चित्र प्रबंधात अवश्य घ्यावे.

घनतेविषयी एक दुरुस्तीही सुचवतो. ॲल्युमिनाची घनता ४ च्या आसपास आहे, त्यामुळे १ टक्का मिसळल्यावर पूर्ण भरीव पदार्थाचीच घनता ७.९८ वरून ७.९० होते. म्हणून ६.७ आणि ६.५ या आकड्यांची थेट तुलना करू नये. सापेक्ष घनता काढल्यास पहिली ८४.० टक्के आणि दुसरी ८२.३ टक्के येते. घट खरी आहे, पण दिसते तितकी मोठी नाही.

राहिला प्रश्न नॅनो कणांनी ताकद वाढते कशी, याचा. धातू वाकतो तो त्यातील डिसलोकेशन (अणूंच्या मांडणीतले रेषेसारखे दोष) सरकल्यामुळे. ग्रेनच्या (धातूतील स्फटिकांच्या) आत, थोड्या थोड्या अंतरावर न कापले जाणारे कण असतील, तर डिसलोकेशनला त्यांच्यामधून वाकून, मागे वलय सोडत पुढे जावे लागते आणि त्यासाठी जास्त ताण लागतो. ही ओरोवान यंत्रणा. ॲशबी यांनी सुधारलेल्या सूत्रात ७७ गिगापास्कल हा शिअर मॉड्युलस आणि पाव नॅनोमीटर हा बर्गर्स व्हेक्टर घालून पाहिल्यास, आकारमानाने २ टक्के आणि ३० नॅनोमीटर व्यासाचे कण सुटे व समान अंतरावर असतील तर यील्डमध्ये सुमारे २०० मेगापास्कलची भर पडते. तेच कण १ मायक्रॉनचे गठ्ठे बनून राहिले तर ही भर ११ मेगापास्कलवर येते. पाकिटातून निघणारा नॅनो ॲल्युमिना बहुधा अशा गठ्ठ्यांतच असतो, आणि तुमच्या प्रकरणात तर तो ग्रेनच्या आत शिरलेलाच नाही. तेथे ओरोवान यंत्रणेला काम करायला जागाच नाही.

भट्टीवाले यांचे उत्तर

ग्रेनसीमा यांचे गणित पटण्यासारखे आहे. मी पट्टा भट्टीवर बरीच वर्षे काम केले असल्यामुळे माझा पहिला प्रश्न वेगळा आहे. साधे नमुने आणि ॲल्युमिनाचे नमुने एकाच भट्टीत, एकाच वातावरणात सिंटर केले होते का? प्रश्नात तापमान आणि वेळ दिली आहे, वायू कोणता ते दिलेले नाही. स्टेनलेसच्या बाबतीत ही माहिती नसेल तर यील्डच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

चूर्णकण यांचे उत्तर

आपण विचारल्यावर माझी चूक लक्षात आली. साधे नमुने कारखान्यातील नेहमीच्या उत्पादनातून घेतले होते आणि ते क्रॅक्ड अमोनियाच्या पट्टा भट्टीतून आले होते. सिरॅमिक मिसळलेली पावडर उत्पादनाच्या भट्टीत घालण्यास कारखान्याने स्वाभाविकच नकार दिला, म्हणून ते नमुने मी महाविद्यालयाच्या व्हॅक्यूम भट्टीत केले. तापमान आणि वेळ सारखी ठेवली होती, त्यामुळे फरक पडणार नाही असे मी गृहीत धरले.

भट्टीवाले यांचे उत्तर

फरक पडतो, आणि तो तुमच्या ॲल्युमिनाच्या परिणामापेक्षा मोठा असू शकतो. क्रॅक्ड अमोनियात तीन चतुर्थांश हायड्रोजन आणि एक चतुर्थांश नायट्रोजन असतो. क्रोमियममुळे ३१६एल हा नायट्रोजन भरपूर शोषून घेते, आणि पोलादात विरघळलेला नायट्रोजन यील्ड चांगलाच वाढवतो. म्हणूनच एमपीआयएफ या पावडर धातू उद्योगाच्या संघटनेच्या ३५ क्रमांकाच्या मानकात एकाच पावडरीपासून तयार होणाऱ्या वेगवेगळ्या जाती दिल्या आहेत. ३१६एल मध्ये नायट्रोजन कमाल ०.०३ टक्के असतो, तर ३१६एन१ आणि ३१६एन२ मध्ये तो ०.२० ते ०.६० टक्के असतो. ३१६एल-१५ मधला १५ हा आकडा किमान यील्ड दाखवतो आणि तो सुमारे १०० मेगापास्कल होतो, तर ३१६एन१-२५ ला तोच किमान १७० च्या घरात जातो. म्हणजे तुम्ही नायट्रोजनने बळकट झालेल्या पोलादाची तुलना नायट्रोजन नसलेल्या पोलादाशी केली आहे. त्यातला किती दोष ॲल्युमिनाचा आणि किती भट्टीचा, हे या आकड्यांवरून कोणालाही सांगता येणार नाही. ग्रेनसीमा यांचा अंदाज बरोबर असेलही, पण तो अजून सिद्ध झालेला नाही.

म्हणून सर्वप्रथम साध्या ३१६एलचे नमुने त्याच व्हॅक्यूम भट्टीत, ॲल्युमिनाच्या नमुन्यांच्या शेजारी ठेवून काढावेत. साधी पावडरही मिक्सरमध्ये तितकाच वेळ फिरवावी, कारण नुसत्या फिरवण्यानेही वंगण पसरते आणि दाबली जाण्याची क्षमता बदलते. शक्य असल्यास दोन्ही संचांचा नायट्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन तपासून घ्यावा. व्हॅक्यूमविषयीही एक सूचना आहे. निर्वात फार खोल ठेवल्यास पृष्ठभागावरून क्रोमियमची वाफ होऊन गंजविरोध घटतो, त्यामुळे थोडा आर्गॉन भरून आंशिक दाबाखाली काम करावे. वंगण जाळण्याचा टप्पा ५०० ते ६०० अंशांच्या दरम्यान पुरेसा थांबून पार पाडावा. घाई केली तर स्टिअरेटचा कार्बन पोलादात शिरतो, आणि ३१६एल मध्ये कार्बनला फक्त ०.०३ टक्क्यापर्यंत मुभा आहे.

आणि मूळ मुद्द्यावर स्पष्ट बोलायचे तर, ज्या नमुन्यात १६ टक्के जागा रिकामी आहे तो कमकुवत असण्याचे पहिले कारण त्या १६ टक्क्यांत शोधावे. रोल करून ॲनील केलेल्या (तापवून मऊ केलेल्या) ३१६एलला किमान १७० मेगापास्कल यील्ड आणि ४८५ मेगापास्कल अंतिम ताकद मागितली जाते, आणि त्याच्या पोटात एकही सिरॅमिक कण मुद्दाम घातलेला नसतो. ११५० ऐवजी १३०० अंशांच्या पुढे सिंटर केल्यास घनता वाढते, छिद्रे गोल होतात आणि लांबवणही (तुटण्याआधी ताणले जाण्याचे प्रमाण) सुधारते. याला कोणी संशोधन म्हणणार नाही, पण गिऱ्हाईकाला हवा असलेला भाग यातून मिळतो.

अम्लपरीक्षा यांचे उत्तर

सिलिकॉन कार्बाइडविषयी कोणी बोललेले नाही, म्हणून लिहितो. गंजविरोध महत्त्वाचा असेल तर तो मार्ग टाळावा. लोह आणि निकेल यांच्या सान्निध्यात, सिंटरिंगच्या तापमानाला सिलिकॉन कार्बाइड टिकत नाही. त्यातला सिलिकॉन धातूत जातो, सिलिसाइड तयार होतात आणि कार्बन मोकळा होतो. या अभिक्रियेत थोडा द्रव तयार होऊन घनता आणि कठीणता वाढू शकते, त्यामुळे पहिल्या फेरीचे निकाल फार आशादायक दिसतात. पण मोकळा झालेला कार्बन थंड होताना क्रोमियमला पकडून ग्रेनच्या सीमांवर कार्बाइड तयार करतो आणि सीमेलगतच्या पट्ट्यात क्रोमियम कमी पडतो. ३१६एल मधला कार्बन ज्या कारणासाठी मुद्दाम कमी ठेवलेला असतो, त्या कारणालाच आपण हरताळ फासतो. १ टक्का सिलिकॉन कार्बाइडमध्ये वजनाने ०.३ टक्के कार्बन असतो, म्हणजे मर्यादेच्या दहापट. तो सगळा सुटला नाही असे मानले तरी तो फारच जास्त होतो.

ॲल्युमिना आणि यिट्रिया ही ऑक्साइडे या तापमानाला पोलादात स्थिर राहतात, आणि त्यांतही यिट्रिया अधिक. टायटॅनियम कार्बाइड पोलादाशी तुलनेने चांगले जुळते. यिट्रियम आणि ॲल्युमिनियम यांचे गार्नेट, ज्याला वायएजी म्हणतात, ते ३१६एल आणि ४३४एल पोलादांत मिसळून आयआयटी कानपूर येथे बरेच काम झाले आहे. त्यात नेहमीच्या घन अवस्थेतील सिंटरिंगबरोबर सुपरसॉलिडस म्हणजे अंशतः द्रव होणाऱ्या तापमानाचीही तुलना केलेली आहे. तुमच्या प्रबंधाला ते निबंध सर्वांत जवळचे ठरतील. द्रव तयार झाला की कणांभोवतीचे आवरण फुटून पोलादाला पोलाद भिडते, हा त्यातला उपयोगी भाग आहे. बोरॉन ०.२ ते ०.४ टक्के घालूनही द्रव मिळतो आणि घनता खूप वाढते, पण मग ग्रेनच्या सीमांवर बोराइडची जाळी उरते आणि लांबवण घटते.

गंजाची परीक्षा घेताना एक काळजी घ्यावी. सच्छिद्र नमुन्याच्या छिद्रांत द्रावण अडकून फटीतला गंज सुरू होतो, त्यामुळे ॲल्युमिनाच्या नमुन्याचा निकाल वाईट आला तरी तो ॲल्युमिनामुळे की वाढलेल्या सच्छिद्रतेमुळे, हे वेगळे काढावे लागते. दोन्ही संचांची घनता सारखी करून मगच तुलना करावी, मग त्यासाठी साध्या पावडरीवरचा दाब कमी करावा लागला तरी चालेल.

चूर्णकण यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका राहते. कण बाहेरून मिसळल्यावर ते पृष्ठभागावरच राहत असतील, तर अणुभट्ट्यांसाठीच्या ओडीएस (आत ऑक्साइडचे सूक्ष्म कण पसरलेल्या) पोलादांत पाव ते एक तृतीयांश टक्का यिट्रियाने इतकी ताकद कशी येते?

ग्रेनसीमा यांचे उत्तर

कारण तेथे यिट्रिया नुसती मिसळत नाहीत, ती धातूत कुटून घालतात. इन्को कंपनीत जॉन बेंजामिन यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात यांत्रिक मिश्रधातुकरणाची पद्धत काढली. तीत जोरदार बॉल मिलमध्ये धातूचे कण चपटे होतात, एकमेकांवर वेल्ड होतात, पुन्हा तुटतात, आणि हे तासन्‌तास चालते. प्रत्येक घडीत ऑक्साइड आत अडकत जाते. एमए९५७ या पोलादात यिट्रिया जेमतेम ०.२५ टक्के आहे. आपल्याकडे कल्पाक्कमचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र, हैदराबादची एआरसीआय ही संशोधनसंस्था आणि न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्स यांनी जलद अणुभट्टीच्या इंधननळ्यांसाठी ९ टक्के क्रोमियमचे ओडीएस पोलाद याच मार्गाने विकसित केले आणि त्यात यिट्रिया ०.३५ टक्के आहे. शिवाय टायटॅनियम असलेल्या या पोलादांत दळताना यिट्रिया बऱ्याच अंशी धातूतच विरून जाते आणि नंतर गरम करून घट्ट करताना यिट्रियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचे काही नॅनोमीटरचे नवे कण ग्रेनच्या आत जन्म घेतात. बाहेरून आणलेला कण आणि आत जन्मलेला कण यांत हा फरक आहे.

तुम्ही हे ३१६एलवर करू पाहाल तर दोन अडचणी येतील. ही ओडीएस पोलादे फेरिटिक किंवा मार्टेन्सिटिक असतात, तर ३१६एल ऑस्टेनाइटचे बनलेले असते. ऑस्टेनाइट मऊ आणि चिवट असल्यामुळे ते गोळ्यांना व भांड्याला चिकटते, ते टाळायला स्टिअरिक आम्ल घालावे लागते, आणि त्यातून पुन्हा कार्बन येतो. दुसरी अडचण मोठी आहे. दळलेली पावडर इतकी कठीण होते की ती साध्या डायमध्ये दाबली जातच नाही. तिला कॅनमध्ये भरून गरम एक्स्ट्रूजन, हिप (गरम करून वायूने सर्व बाजूंनी दाबणे) किंवा स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग (विजेचा प्रवाह सोडून दाबाखाली सिंटर करणे) हेच लागते. भोसरीतल्या प्रेसचा तेथे उपयोग नाही.

म्हणून प्रबंधाचा आवाका मर्यादित ठेवावा असे सुचवतो. प्रमाण ०.१ ते ०.२ टक्क्यांवर आणावे, जेणेकरून वरच्या हिशेबाने आवरण एका थराच्या आसपास किंवा तुटक राहील. ॲल्युमिना आधी इथेनॉलमध्ये योग्य डिस्पर्संट घालून अल्ट्रासॉनिकने सुटा करावा, त्यात पोलादाची पावडर घालून ढवळत सुकवावे, आणि साधी पावडरही इथेनॉलमधून तशीच काढावी. सिंटरिंग १३५० अंशांच्या आसपास करावे. यात ओरोवानची मोठी भर मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. मिळालाच तर सीमा अडवल्यामुळे ग्रेनची वाढ रोखली जाण्याचा लाभ मिळेल, आणि घर्षणाची चाचणी घेतल्यास झीज कमी झालेली दिसू शकेल. ताकद वाढली नाही, पण का वाढली नाही हे आकड्यांनी दाखवले, तर तो निकालही प्रबंधात मांडण्याजोगा आहे. कोरडी नॅनो भुकटी उघड्यावर हाताळू नये, वजन करताना बंद पेटी आणि योग्य मास्क वापरावा.

भट्टीवाले यांचे उत्तर

घनता मोजताना नमुना थेट पाण्यात बुडवू नये. ८४ टक्क्यांच्या नमुन्याची छिद्रे बहुतेक उघडी असतात, पाणी आत शिरते आणि घनता खऱ्यापेक्षा जास्त दिसते. आधी तेल भरून घ्यावे किंवा मेणाचा लेप द्यावा. १३५० अंशांचे नमुने आल्यावर साध्या आणि ॲल्युमिनाच्या दोन्ही संचांचे आकडे येथे टाकावेत, व्हॅक्यूमच्या दाबासह.